पेडल तळाला चिकटतं तेव्हा

गाडी साडेसहा हजार आरपीएमवर आहे. दुसऱ्यातून तिसरा टाकायचा म्हणून क्लच दाबला, गिअर पडला, पाय उचलला, पण पेडल वर आलंच नाही. ते तळाला चिकटून बसलं. इंजिन मोकळंच ओरडत राहिलं, शेजारची गाडी पुढे निघून गेली, आणि आरपीएम उतरल्यावर पेडल सावकाश वर आलं.

ही तक्रार मी डेट्रॉइटच्या परिसरात दोन पिढ्यांच्या तोंडून ऐकली आहे. १९६०च्या दशकात वुडवर्ड ॲव्हेन्यूवर रात्री शर्यती लावणारे, आता ऐंशीच्या घरात पोचलेले लोक ती सांगतात. १९९८ नंतरची कॅमॅरो किंवा कॉर्व्हेट जुन्या बाजारातून घेतलेली पोरंही सांगतात. म्हाताऱ्यांच्या गाड्यांत क्लचला तेल नव्हतं, लोखंडी दांड्या होत्या. पोरांच्या गाड्यांत दांड्या नाहीत, तेल आणि नळी आहे. तक्रार मात्र शब्दशः तीच.

माझी नोकरीची बहुतेक वर्षं मिशिगनमध्ये गिअरबॉक्स आणि क्लचच्या कामात गेली, त्यामुळे या तक्रारीशी माझं जुनं नातं आहे. मोटारींचा इतिहास लिहिणारे इंजिनांबद्दल लिहितात, हॉर्सपॉवरबद्दल लिहितात. ती ताकद चाकांपर्यंत कधी सोडायची हे ज्या डाव्या पायाने ठरतं, त्या पायाखाली काय काय बदलत गेलं आणि हौशी लोकांनी घरच्या गॅरेजमध्ये त्यात काय काय फेरफार केले, हे फारसं कुणी लिहीत नाही. माझं म्हणणं असं, की ही तक्रार पहिल्यापासून एका स्प्रिंगपाशी सुरू होते, आणि प्रत्येक पिढीने दोष दिला तो आपला हात जिथे पोचला त्या भागाला.

अगदी सुरुवातीच्या मोटारींत क्लच म्हणजे चामडं लावलेला शंकू होता. तो फ्लायव्हीलच्या खोलगट पोटात स्प्रिंगच्या जोराने रुतून बसायचा. चामडं कोरडं पडलं की क्लच एकदम पकडायचा आणि गाडी हिसका मारून सुटायची. मग चालक त्याला एरंडेल चोळत. तेलकट होऊन घसरायला लागला, तर त्यावर मुलतानी माती भुरभुरत. क्लचची पकड आपल्याला हवी तशी करून घ्यायची ही खटपट मोटारीइतकीच जुनी आहे. पुढे चामड्याच्या शंकूऐवजी चपटी प्लेट आली, तिच्यावर अ‍ॅस्बेस्टॉसचं अस्तर आलं, आणि माती-एरंडेलाचं काम संपलं. पेडलपासून क्लचपर्यंतचा निरोप मात्र दांड्या आणि तरफाच नेत राहिल्या.

तेल आलं ते ब्रेकच्या बाजूने. माल्कम लॉकहीडने १९१७मध्ये हायड्रॉलिक ब्रेकचं पेटंट घेतलं. विमानांच्या धंद्यात ज्याचं नाव गाजलं त्या ॲलन लॉकहीडचा हा भाऊ. १९२१च्या ड्यूझेनबर्ग मॉडेल एला चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक होते. पण त्या पद्धतीत सिलिंडरमधली सील चामड्याची होती आणि ती गळायची. क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी ती रबराची केली, आणि १९२४च्या क्रायस्लर सिक्समध्ये ही पद्धत सामान्य ग्राहकापर्यंत पोचली. पुढे कितीतरी वर्षं ब्रेकसाठी वापरलेलं तेल म्हणजे अल्कोहोलात मिसळलेलं एरंडेलच होतं. शंकूच्या चामड्यावरून हाकललेलं एरंडेल असं नळीतून परत आलं.

क्लचला ही पद्धत लावायचं कारण साधं होतं. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, पेडल बॉडीला घट्ट असतं. मधल्या दांडीला एक हलणारं आणि एक न हलणारं अशी दोन्ही टोकं सांभाळावी लागतात, म्हणून ती कधी थरथरते, कधी अडकते. नळी कशीही वळवा, तिला फरक पडत नाही. गाडी डाव्या स्टिअरिंगची असो की उजव्या, पेडलपाशी तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर हलवला की झालं. ब्रिटिश कारखान्यांनी हे १९५०च्या दशकात मनावर घेतलं. १९५५च्या एमजीएमध्ये बॉनेट उघडलं की एकाच ओतीव डब्यात शेजारी शेजारी दोन सिलिंडर दिसतात, एक ब्रेकचा, दुसरा क्लचचा. १९५९ची मिनी आली तीही हायड्रॉलिक क्लच घेऊनच.

एमजीएच्या त्या जोड-सिलिंडरकडे पाहिलं की मला क्लचचं पुढचं सगळं दुखणं त्यात दिसतं. क्लचला ब्रेकचंच तेल मिळालं, ब्रेकचीच सील मिळाली. पण दोघांचं काम वेगळं. ब्रेकचं पेडल लायनिंग टेकेपर्यंत जातं आणि मग थांबतं. त्यापुढे फक्त दाब वाढतो. क्लचला दाबापेक्षा अंतराचा हिशेब सांभाळायचा असतो. क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग काही मोजके मिलिमीटर पुढे गेलं पाहिजे. कमी गेलं तर क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर खरखरतात, सिंक्रोनायझरचे दात खाल्ले जातात. जास्त गेलं तर प्रेशर प्लेटची स्प्रिंग नको तितकी वाकते. ब्रेकमध्ये तेल थोडं कमीजास्त झालं तर पाय ते भरून काढतो. क्लचमध्ये पेडल तळाला टेकलं की संपलं, भरून काढायला जागा नसते.

अमेरिकेने मात्र त्या काळात तेलाकडे फारसं पाहिलं नाही. शेव्हरोले, फोर्ड, क्रायस्लर, तिघांच्याही दणकट गाड्यांत झेड-बार असायचा. हा एक आडवा पाइप. त्याचं एक टोक इंजिन ब्लॉकला, दुसरं चॅसिसला, आणि दोन्ही टोकांना विरुद्ध दिशेचे हात. पेडलची दांडी एका हाताला, क्लचच्या फोर्कची दुसऱ्याला. ताकदवान इंजिन जोरात ताणलं की ब्लॉक एका अंगावर कलतो आणि झेड-बार पिळवटतो. त्यातच लोकांनी कारखान्याचा एक्झॉस्ट काढून हेडर पाइप लावले, आणि ते नेमके झेड-बारच्या वाटेत यायला लागले. कुणी बार कापून पुन्हा वेल्ड केला, कुणी पाइप ठोकून खळगा पाडला. जुन्या गाड्यांना बाहेरून हायड्रॉलिक सिलिंडर बसवायची कल्पना अमेरिकेत रुजली त्यामागे या हेडर पाइपांचा मोठा हात आहे, असं माझं मत आहे.

आता ती स्प्रिंग. जुन्या प्रेशर प्लेटमध्ये वर्तुळात बसवलेल्या कॉइल स्प्रिंगा आणि तीन तरफा असत. पेडल जितकं दाबाल तितकं जड होत जाई. शेव्हरोलेने १९३०च्या दशकाच्या अखेरीस डायफ्रॅम स्प्रिंग वापरायला घेतली. ही पोलादाची एकच बशीसारखी चकती, मध्याकडे बोटं कापलेली. तिचा गुण असा, की अर्ध्या वाटेपर्यंत जोर वाढतो आणि मग चक्क उतरतो. सिग्नलला क्लच धरून उभं राहणाऱ्या माणसाच्या पायाला हे वरदानच. युरोपात ती सर्वदूर गेली ती १९६०च्या दशकात; १९६५मध्ये जर्मनीतल्या ब्यूल गावी सुरू झालेल्या लुक कंपनीचा पायाच या स्प्रिंगवर घातलेला.

पण पेडल वर आणते तीही हीच स्प्रिंग. तळाशी जिथे पायाला सगळ्यात हलकं वाटतं, तिथेच ती परत ढकलायला सगळ्यात दुबळी असते. त्यात वेग मिसळा. बोटं आत फार दाबली गेली की त्यांचं वजन टेकूच्या प्रतलापलीकडे जातं, आणि सहा-सात हजार आरपीएमला फिरताना केंद्रोत्सारी बल त्यांना तिथेच धरून ठेवू पाहतं. शेव्हरोलेने मोठ्या इंजिनांसाठी बोटं मुद्दाम वाकवलेला डायफ्रॅम बनवला तो यासाठीच. वाकवल्यामुळे वजन टेकूच्या अलीकडे राहतं आणि फिरण्याचा जोर क्लच मिटवायला मदत करतो. साध्या मॉडेलांत मात्र पेडलच्या मुळाशी आणखी एक मदतनीस स्प्रिंग होती, अर्धं पेडल गेल्यावर उरलेलं खाली ओढणारी. वर आणणारी स्प्रिंग तळाशी दुबळी, वेग तिच्या विरोधात, आणि ही तिसरी खाली खेचणारी. वुडवर्डवरच्या पोरांनी काय केलं? मदतनीस स्प्रिंग उपटून काढली. पेडल जड झालं, पण परत यायला लागलं. उपाय बरोबरच होता. पेडल गरजेपेक्षा खोल जातंय का, हे मात्र फार थोड्यांनी मोजलं.

फोर्ड मस्टँग पुढे वेगळ्याच वाटेने गेली. १९७९पासून २००४पर्यंत तिच्या क्लचला केबल होती, पेडलपाशी प्लॅस्टिकचा दातेरी अर्धचंद्र. जड प्रेशर प्लेट बसवली की ते दात तुटायचे, आणि मालक तो भाग अ‍ॅल्युमिनियमचा करून घ्यायचे. २००५च्या मस्टँगला हायड्रॉलिक क्लच आला.

जनरल मोटर्सने कॅमॅरोला तो १९८४मध्येच दिला होता. खरा बदल झाला १९९७च्या कॉर्व्हेटमध्ये आणि १९९८च्या कॅमॅरोत. नवं एलएस-१ इंजिन आलं, आणि बाहेरचा फोर्क, त्याला ढकलणारा स्लेव्ह सिलिंडर, दोन्ही गेले. त्यांच्या जागी गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टभोवती बसणारं एकच कडं आलं, त्यातच पिस्टन आणि त्यातच रिलीज बेअरिंग. फोर्क वाकणं नाही, टेकू झिजणं नाही, पिस्टन सरळ रेषेत जातो. अशी बेअरिंगं शर्यतीच्या गाड्यांत आधीपासून होती. इंजिनिअर म्हणून मला ही मांडणी आजही देखणी वाटते. तिची किंमत एकच: ते कडं गळलं तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. आणि ते बसतं क्लचभोवतीच्या बेलहाउसिंगच्या पोटात, जिथे क्लच प्लेटची बारीक भुकटी दिवसरात्र उडत असते.

या गाड्यांच्या मालकांना दोन गोष्टी दिसल्या. पहिली, क्लचच्या बाटलीतलं तेल ब्रेकच्या तेलापेक्षा कितीतरी लवकर काळं होतं. ब्रेकचं तेल ग्लायकॉलचं असतं, ते हवेतलं पाणी पितं. डॉट-३ तेलाचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस, पाणी प्यायल्यावर १४०. डॉट-४चा २३० आणि १५५. क्लचच्या तेलाला भट्टीशेजारी राहून वर भुकटीही सोसायची. कॉर्व्हेटवाल्यांनी यावर काढलेला उपाय अगदी घरगुती होता: सिरिंजने बाटलीतलं तेल ओढायचं, फडक्याने बाटली पुसायची, नवं भरायचं, पेडल वीस-तीस वेळा मारायचं, आणि तेल स्वच्छ दिसेपर्यंत हेच करत राहायचं. २००६च्या झेड-०६ कॉर्व्हेटला ५०५ हॉर्सपॉवरचं इंजिन आणि ७,००० आरपीएमची मर्यादा; तिच्या मालकांनी तर हा नेमच करून टाकला.

दुसरी गोष्ट कॅमॅरोवाल्यांना दिसली. मास्टर सिलिंडरमधून तेल बाहेर पडतं तिथलं भोक फार बारीक होतं. पाय झटक्यात उचलला तरी तेलाला त्या भोकातून परत यायला वेळ लागायचा. त्यांनी मास्टर सिलिंडर काढला, भोक ड्रिलने मोठं केलं, कीस धुऊन काढला, परत बसवला. शर्यतीवाल्यांच्या तोंडी हा फेरफार ‘ड्रिल मॉड’ या नावाने बसला. एका ड्रिलच्या बिटाएवढ्या खर्चात गाडीचा स्वभाव बदलत होता, मग तो हजारोंनी का नाही करायचा?

माझ्या भाच्याने अशीच एक २००२ची कॅमॅरो घेतली. तो नाशिकचा, इथे शिकायला आला आणि नोकरीला लागला. एका रविवारी गाडी घेऊन दारात उभा.

“मामा, क्लच गेलाय बहुतेक. पेडल खालीच राहतं आरपीएम वर नेला की. गॅरेजवाला म्हणतो, क्लचचं किट बदला.”

“आधी बाटली उघड.”

तेल चहाच्या चोथ्यासारखं काळं होतं. ते बदललं, मग हवा काढायला घेतली. या गाडीचा ब्लीडर, म्हणजे हवा काढायचा नट, बेलहाउसिंग आणि टनेलच्या फटीत, पाना जेमतेम जातो. म्हणूनच लोक तिथून स्टीलच्या वेणीची नळी काढून ब्लीडर वर इंजिनापाशी आणून ठेवतात. आमच्याकडे ती नव्हती. मी खाली, तो पेडलवर. पुण्यात नाना पेठेत शिकाऊ असताना ऐकलेली हाळी इथेही तशीच चालते: “दाब.” “दाबला.” “धर.” मी नट सोडला, बुडबुडे आले, आवळला. “सोड.” तेल निखळ येईपर्यंत तेच.

मग खरी मोजणी. मागची चाकं स्टँडवर, इंजिन बंद, गाडी पहिल्या गिअरमध्ये. मी चाक हाताने फिरवायचा प्रयत्न करत राहिलो आणि भाचा पेडल अगदी सावकाश खाली नेत राहिला. चाक मोकळं झालं त्या क्षणी त्याला थांबवलं. पेडल जमिनीपासून अजून चांगलं चार बोटं वर होतं. म्हणजे पुढची सगळी चाल फुकट, नुसती स्प्रिंग वाकवायला. आधीच्या मालकाने मोठ्या बोअरचा मास्टर सिलिंडर बसवलेला निघाला.

बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाचा, हिशेब लोक घाईत विसरतात. समजा मास्टरचा बोअर पाच-अष्टमांश इंच, म्हणजे १५.९ मिलिमीटर, आणि पिस्टनची चाल ३० मिलिमीटर. एका दाबात जवळपास ६ घन सेंटीमीटर तेल पुढे जातं. बोअर पाऊण इंच, १९ मिलिमीटर केला, तर साडेआठ. बोअर वाढला पाचातला एक भाग, तेल वाढलं ४४ टक्के, कारण क्षेत्रफळ वर्गाने वाढतं. पेडलही तितकंच जड होतं. समोर २२ मिलिमीटरचा स्लेव्ह असेल तर त्याचा पिस्टन १५.७ऐवजी २२.४ मिलिमीटर जाईल. फोर्कची तरफ पावणेदोनपट धरली तर बेअरिंग नऊऐवजी पावणेतेरा मिलिमीटर. डायफ्रॅमला नऊ पुरत असतील तर वरचे पावणेचार मिलिमीटर निव्वळ नासाडी. उलट बाजूने पाहा: रबरी होज फुगून किंवा हवा राहून १ घन सेंटीमीटर तेल वाया गेलं, तर स्लेव्हवर अडीच मिलिमीटर बुडाले. सगळा खेळ दीड चमचा तेलाचा आहे. टेफ्लॉनच्या नळीवर स्टीलची वेणी असलेली होज लोक दिसायला छान म्हणून घेतात, पण ती खरी वाचवते ती ही फुगवट.

आम्ही पेडलखाली रबरी टोपीचा बोल्ट बसवला, चाक मोकळं होतं त्याच्या किंचित खाली पेडल टेकेल असा. क्लच तोच, किट तेच. मिशिगनमधल्याच मिलन गावच्या ड्रॅग स्ट्रिपवर भाच्याने लाल रेषेपर्यंत गिअर बदलले, पेडल प्रत्येक वेळी पायाबरोबर वर आलं.

बारीक भोकाच्या बाबतीत कारखान्याची बाजू सांगितलीच पाहिजे, कारण हौशी लोक ती ऐकून घेत नाहीत. बीएमडब्ल्यूने १९९०च्या दशकात क्लचच्या नळीत स्लेव्हपाशी एक छोटा भाग बसवायला सुरुवात केली. त्यातल्या बारीक छिद्रामुळे क्लच ठरावीक वेगापेक्षा लवकर मिटत नाही. मित्सुबिशीच्या इव्होल्यूशनमध्येही असाच अडथळा सापडतो. कुणी कितीही आडदांडपणे पाय उचलला तरी गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि एक्सल यांना बसणारा धक्का मवाळ व्हावा, हा उद्देश. वॉरंटी सांभाळणाऱ्या माणसाला तो पटतो, मलाही पटतो. पण ज्याचा पाय तयार आहे त्याच्यावर हा अन्याय आहे. तो पाय झटकन उचलतो, क्लच मागून सावकाश येतो, मधल्या क्षणात प्लेट घसरते आणि जळते. थंडीत तेल दाटलं की हा उशीर आणखी वाढतो. म्हणजे एक्सल वाचवायला ठेवलेलं छिद्र क्लच खातं. बीएमडब्ल्यूची एम-३ घेऊन ट्रॅकवर जाणाऱ्याने तो भाग काढावा, असं मी उघड सांगतो. त्याच गाडीने रोज ऑफिसला जाणाऱ्या आणि शिकाऊ मुलाच्या हाती गाडी देणाऱ्याने तो राहू द्यावा. काढला, तर पुढचा धक्का कुठे जाणार हे आधी पाहावं. डिफरन्शियलची माउंटिंगं आणि गिअरबॉक्सचे बुश तपासावेत.

निसानवाल्यांनी तर घड्याळ मागे फिरवलं. ३५०-झेडच्या पहिल्या गाड्यांना बाहेरचा स्लेव्ह आणि फोर्क होता. ३७०-झेडला कड्याचा सिलिंडर आला आणि तो गळण्याच्या तक्रारी वाढल्या. त्यावर बाजारात जे किट आलं त्यात कडं काढून पुन्हा फोर्क आणि बाहेरचा सिलिंडर बसवतात. गळलाच तर गाडीखाली झोपून तासाभरात बदलता येतो.

२०२०च्या कॉर्व्हेटला क्लचचं पेडलच नाही. तिला फक्त ड्युअल-क्लच गिअरबॉक्स मिळतो. वुडवर्डवर ऑगस्टमध्ये ड्रीम क्रूझ भरते तेव्हा झेड-बारच्या शेव्हरोले शेवेल आणि कड्याच्या सिलिंडरच्या कॅमॅरो आता एकाच रांगेत, जुन्या गाड्या म्हणून उभ्या असतात. कॅमॅरोसाठी बाजारात आज जे मास्टर सिलिंडर मिळतात त्यांतल्या कितीतरींत बारीक भोक मुळातच नसतं, आणि दांडीची लांबी कमीजास्त करायची सोय असते. भाच्याच्या गाडीला तसाच बसवायचं आम्ही ठरवलं आहे, कारखान्याच्या मापाच्या बोअरचा. तो बसला की बोल्टची उंची पुन्हा मोजावी लागेल. स्टँड आणि या वेळी आणलेली ब्लीडरची नळी गॅरेजमध्ये काढून ठेवली आहे.